तीन दिवसांचा गोवर

चमचे घासण्यात माझी तेवीस वर्षं गेली.
त्सुबामे गावात दुसरं काय करणार?
खिडकीबाहेर बर्फ, पुढ्यात फिरतं चाक,
आणि चमच्याच्या पोटात
उलटा लटकलेला माझाच चेहरा.

नगरपालिकेचं पाकीट आलं. आत कुपन:
रुबेलासाठी रक्ततपासणी, फुकट.
फ्रिजवर चुंबकाखाली लावून टाकलं.
त्याचे कोपरे वळले,
मी रोज त्याच दारातून दूध काढत राहिलो.

आठवीत असताना एकदा
फक्त मुलींची रांग लागली होती, बाह्या वर करून.
मास्तर आम्हाला म्हणाले, तुम्ही मैदानावर जा.
केवढे खूश झालो होतो!
सुई चुकली म्हणजे सामनाच जिंकला.

फुमिए, मालकांची थोरली बहीण,
माझ्या आधीपासून इथे आहे.
चाकाचा आवाज तिला ऐकू येत नाही,
बोटांना कळतो.
एक डोळा जन्मापासून दुधाळ.
आई तेव्हा तिसऱ्या महिन्यात होती, मालक सांगतात.
कानामागे गाठी, अंगावर बारीक पुरळ,
ताप म्हणावा तर तापही नाही.
तीन दिवसांचा गोवर गं, शेजारीण म्हणाली,
आणि चौथ्या दिवशी आई भाताच्या चिखलात उतरली.
आईचे तीन दिवस संपले.
मुलीचे अजून चालू आहेत.

मार्चमध्ये चिहाया लिंबाच्या गोळ्या चघळू लागली.
कुणाला सांगू नका, म्हणाली, दुसराच महिना आहे.
रक्तात ताकद कमी निघाली माझ्या,
आणि पोटात मूल असताना ती लस देत नाहीत.
डॉक्टर म्हणाले, जपून राहा.
जपून म्हणजे कसं, उएकी-सान?

तिच्या चाकापासून माझं चाक
दोन हातांवर.

मला काहीच झालं नसतं कदाचित.
थोडं पुरळ, किंवा तेही नाही.
मी नुसता बोलत राहिलो असतो,
हसत, खोकत,
तिच्याकडे तोंड करून.

त्या संध्याकाळी चुंबक काढला.
तपासणीत माझ्याही रक्तात काही सापडलं नाही.
मग सुई. दुखलं का, नर्सनं विचारलं.
नाही म्हणालो.
मैदान आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत
फुमिएनं माझ्या दंडावरची पट्टी पाहिली.
चिहायाकडे पाहिलं. तिला कुणी सांगितलं होतं?
तळवा पट्टीवर ठेवला, चाक चाचपते तसा,
मग वळून डबे उघडणाऱ्या माणसांकडे बघत
एकेक करत
सहा बोटं वर केली.

कारखान्यात आम्ही पुरुष सात.