चिरेची कड

रॉचेस्टरला जानेवारीत पावणेपाचलाच दिवे लागतात.
तळघरात ते मुद्दाम घालवावे लागतात,
दारावरची लाल पाटी उलटी करून.
मग उरतो सोडियमचा एकच पिवळा,
ज्यात माझे हातसुद्धा दुसऱ्या कुणाचे वाटतात.

दिव्यातले अणू एकमेकांना ओळखत नाहीत, हे गृहीत.
ज्याचा तो पेटतो, ज्याचा तो विझतो,
शेजाऱ्याला न विचारता.
तरी त्यांचा उजेड टेबलावरून मीटरभर चालून येतो
तोवर त्यात थोडा मेळ बसलेला असतो.
कुणी बसवलेला नाही.
नुसत्या अंतराने.
हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वही मिटून
कॉफी आणायला गेले होते
आणि कॉफी न घेताच परत आले होते.

दोन बिंदूंवरचा उजेड परस्परांशी किती जुळतो
ते सांगणारं फलन. मी त्याला घंटेचा आकार दिला.
मधे उंच, दोन्हीकडे उतरत,
शून्याच्या अगदी दारापर्यंत जाणारा
आणि शून्याला न शिवणारा.
सोवळ्यातला आकार.
हाच का, असं समितीने विचारलं असतं तर
उत्तर पाठ होतं, संदर्भांसकट.
खरं उत्तर एवढंच, की त्याचं समाकलन सुटतं.

मोजमाप दोन मिलिमीटरपर्यंत गुणी मुलासारखं वागलं.
तिथे पट्टे पुसले गेले. पडदा सपाट, पिवळा.
आणि पावणेतीनला
ते परत आले.
फिके, शंभरात एकवीस,
पण आले. मधला पट्टा, जो उजळ हवा, तो काळा.
तीन आठवडे मी ते बिंदू खोडत होते.
समासात लिहीत होते: कॅमेऱ्याचा दोष.
अक्षर प्रत्येक वेळी जास्त नीटनेटकं.

वेंडल प्रुइट मंगळवारी येतो, आणि गुरुवारी गुडघा ठीक असेल तर.
चाळीस वर्षं भिंगं घासून झाल्यावर
घरी करमत नाही म्हणून आमच्या फुटक्या गोष्टी दुरुस्त करतो.
त्याला माझी समीकरणं वाचता येत नाहीत, असं तो म्हणतो.
आलेख मात्र त्याने चष्मा कपाळावर सारून पाहिला,
खोडलेले बिंदू बोटाने मोजले,
मग दिव्यापुढच्या पत्र्याकडे मान वळवली.
"ही चीर मी केलीय. दाढीची दोन पाती, समोरासमोर.
तुझी घंटा हळूहळू संपते.
माझी चीर अशी संपते."
आणि तळहाताची कड टेबलावर आपटली.
पट्टे हलले.
थरथरले, आणि पुन्हा जागेवर बसले.

रात्री घंटा पुसून सरळ कडांची खिडकी मांडली.
समाकलन चार ओळींत सुटलं. चारच.
वक्र खाली आला, शून्य ओलांडून गेला,
तिथे थोडा वेळ राहिला,
आणि खोडलेले सगळे बिंदू
एकेक करून त्याच्यावर जाऊन बसले.
उणे चिन्ह.
आमच्याकडे उणं काढतात माणसाचं.
इथे ते फक्त सांगत होतं:
मेळ आहे, उलटा आहे, मोजता येतो.

आठ वाजता भावाला फोन लावला, कराडला साडेसहा.
आवाज अर्ध्या क्षणाने पोचतो,
म्हणून आम्ही दोघं एकदमच बोलतो,
मग दोघंही थांबतो.
"बोल."
"नाही, तू बोल."
अप्पांच्या जमिनीच्या वाटणीनंतर वर्षभर
आमच्यात हवापाण्यापलीकडे काही नव्हतं.
आज तो भांडला. चांगला दहा मिनिटं.
मीही.
फोन ठेवताना म्हणाला, रविवारी लाव.

नदीवरच्या पुलावर बर्फ आडवा उडत होता.
अर्ध्या वाटेत आठवलं, दिवा चालूच राहिलाय.
परत गेले. तळघराचं दार उघडलं.
समासातलं ते वाक्य खोडलं नाही.
त्याच्याखाली आजची तारीख घातली,
आणि वेंडलचं आडनाव कसं लिहितात
ते गुरुवारी विचारायचं, असं.