साडेसतरा

मुंगीच्या पावलांनी आलं हे दुखणं.
सप्टेंबरात सकाळी स्टिअरिंग जरा जड लागायचं,
बंद खाणीच्या फाटकापर्यंत हलकं व्हायचं,
मग मीही विसरून जायचे.
ऑक्टोबरात अंगणातल्या खडीवर लाल डाग दिसला,
बशीएवढा.

"कण्हते कधी, एफी? उभी असताना, की वळतानाच?"
दोन वर्षं झाली, बाबांना फक्त उजेड आणि अंधार कळतो.
मी स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं.
ते बॉनेटवर तळवा ठेवून उभे,
पूर्वी पाळण्याच्या यंत्रापाशी उभे राहायचे तसे,
खाली माणसं असताना.
"पंप नव्हे. रॅक गेलाय. डावीकडचा रबरी बूट दाब."
दाबला. तेल मनगटापर्यंत आलं.

गॅरेजनं सांगितलेला आकडा म्हणजे
नाकापेक्षा मोती जड.
म्हणून शनिवारी ब्युइक स्टँडवर चढवली,
स्टिअरिंग सीटबेल्टनं बांधून टाकलं,
आणि बाबा स्वयंपाकघरातली खुर्ची ओढत बाहेर आले.

केप ब्रेटनचं मीठ: अर्धं समुद्र देतो,
अर्धं नगरपालिका रस्त्यावर ओतते.
नट आणि बोल्ट एकजीव झालेले.
तेल मारलं, चहा प्यायलो, पुन्हा तेल मारलं,
शेवटी हातोडी.
नट सुटला तेव्हा माझी बोटं लोखंडावर आपटली
आणि तोंडातून जी शिवी गेली ती त्यांचीच होती.
ते खूश झाले.

"आता टाय रॉडचं टोक. फेरे मोज.
जेवढे निघतील तेवढेच परत चढवायचे."
मी खालून मोजत होते, ते वरून, मोठ्यानं.
अकराव्याला हेक्टरचा कुत्रा कुंपणापाशी येऊन भुंकला.
"साडेसतरा."
"अठरा, बाबा."
"साडेसतरा. मी आंधळा आहे, बहिरा नाही."
गॅरेजच्या दारावर खडूनं लिहिलं: साडेसतरा.

जुना रॅक त्यांनी मांडीवर घेतला,
दांड्यावरून नख फिरवत नेलं
आणि एका जागी थांबले. "इथून जायचं."
बाकी काही बोलले नाहीत.

पाच वाजता टॉर्च विझला,
तेलाच्या नळीचा नट आट्यांत बसेना.
बाबांनी बाही दुमडली, कोपरापर्यंत हात आत घातला,
नट आधी उलटा फिरवला,
टक् असा आवाज आला,
मग सुलटा. बसला.
त्यांच्यासाठी अंधार पडायचा राहिलाच नव्हता.

मग इंजिन चालू, स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत,
वीस वेळा, बुडबुडे थांबेपर्यंत.

रविवारी त्यांना शेजारी बसवून किनाऱ्याकडे निघाले.
एका बोटानं वळत होती गाडी.
रस्ता सरळ होता,
स्टिअरिंग मात्र डावीकडे जरासं कललेलं.
"सरळ आहे?"
"सरळ."
त्यांनी काच खाली केली,
पुढच्या टायरचं बारीक कुरकुरणं
बराच वेळ ऐकलं.
"अर्धा फेरा," म्हणाले,
"त्या कुत्र्यामुळे."