बद्द आवाज

रात्री शेवटची गाडी गेली
की आम्ही चौघं बोगद्यात शिरतो.
लांब दांड्याची हातोडी, कपाळावर दिवा,
आणि हात-हात अंतरावर भिंतीला एकच प्रश्न.
खणखणीत उत्तर आलं की पुढे.
बद्द आलं, तर खडूनं गोल:
आत पोकळी आहे, काँक्रीट सुटतंय.

एकोणीस वर्षं हेच ऐकतोय.
माझ्याच जबड्यात खालची डावी दाढ
बद्द झाली, तेव्हा मात्र
काळी कडू गोळी खड्ड्यात दाबून
रात्रपाळ्या केल्या.
शेवटी उपटावीच लागली.
जीभ रोज तिथे जायची,
बंद पडलेल्या स्टेशनावर
अजून उतरू पाहणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.

नागोशी बाईंनी फोटो उजेडाला धरला.
"विकतचा दात कशाला?
मागच्या टोकाला तुमची एक रिकामटेकडी बसलीय की."
अक्कलदाढ.
आमच्या भाषेत तिचं नावच आहे
आईबापांना ठाऊक नसलेली.
माझी उगवली तेव्हा आई हाकोदातेला मासळी साफ करत होती,
आणि वडील कुठे होते
ते आईलाही ठाऊक नव्हतं.
अक्कल आली की नाही, सांगता येत नाही.
दाढ आली,
आणि एक घास न चावता
सोळा वर्षं बसून खाल्लं तिनं.

फेब्रुवारीतला मंगळवार.
मुरोरानच्या बंदरावर बर्फ आडवं पडत होतं.
मी आ वासला आणि पहिल्यांदाच
स्वतः बोगदा झालो.
दिवा लावून कुणीतरी आत शिरलं,
पाणी ठिबकलं, हाड कोरलं गेलं.
आधी दाढेची प्लास्टिकची नक्कल बसवून पाहिली.
बसेना.
अजून जरा कोरलं.
मग खरी, हलवत हलवत,
झोपलेल्या मुलाखालची चादर काढावी तशी.
"मुळांना हात नको. त्यांच्यावर साय आहे, ती जिवंत आहे,"
बाई म्हणाल्या, आणि चिहाया
मोठ्यानं सेकंद मोजू लागली.

वीस. चाळीस.
माझा एक तुकडा माझ्याबाहेर,
चिमट्यात, दिव्याखाली, कुणाचाच नाही.
साठ. ऐंशी.
घाई करा हो, म्हणणार होतो,
पण तोंड बाईंच्या ताब्यात.
एकशे दहाला ती नव्या जागी उतरली.
डोक्यावरून टाक्यांची फुली घातली
आणि मला सांगितलं, पेज प्या,
जिभेला आवरा.

जिभेला कोण आवरणार?
ती रात्री हळूच जाऊन यायची.
नवी भाडेकरू हलायची जराशी.
मी घाबरून डोळे मिटायचो.
मधल्या काळात बाईंनी तिची नस काढली,
टाके काढले, बर्फ वितळलं,
कुमागाईला तिसरी मुलगी झाली.

मे महिन्यात बाईंनी आरशाचं मूठ उलटं धरलं.
शेजारच्या दातावर ठोकलं. मग तिच्यावर.
बद्द.
माझा हात खिशात खडू शोधायला गेला.
"उत्तम!" बाई म्हणाल्या.
"अहो, बद्द वाजली."
"वाजायलाच हवी. खणखणीत वाजली असती
तर हाडाला घट्ट चिकटली असती,
आणि मग हाडच तिला हळूहळू खातं.
हिच्याभोवती मऊ पदर धरलाय.
केसभर हलते, म्हणून टिकेल."

त्या रात्री मी हातोडी जरा हळू चालवली.
एका जागी भिंत बद्द वाजली.
गोल केला; भिंत म्हणजे दाढ नव्हे,
तिच्याखालून माणसं जातात.
पण खडू खिशात टाकताना
तिच्यावर तळहात ठेवला. का, कोण जाणे.

दोन वाजता डबा उघडला.
मुळ्याच्या लोणच्याची पिवळी फोड
पहिल्यांदा डावीकडे ठेवली.
अंदाज घेतला.
चावलो.

केवढ्यानं वाजलं ते!
दोन्ही टोकांपर्यंत जाऊन परत आलं.
कुमागाईनं दिवा छताकडे फिरवला,
"कुठं फुटलं रे?"