खालून दुसरा हुक

माझं दुकान म्हणजे चार पेट्रोल पंप, एक कॉफीचं मशीन
आणि मक्यामधून सरळ निघून जाणारा रस्ता.
नेब्रास्कात रस्ते वळत नाहीत.
माणसं वळतात, तीही क्वचित.

ड्वेन कुचेरा आला तो मार्चमधला मंगळवार.
बूट झटकले, टोपी काढली नाही,
चिप्सच्या रांगेसमोर उभा राहिला
चर्चला उशिरा पोचलेल्या माणसासारखा.
एकेक पाकीट उलटं करायचा, चष्मा कपाळावर सारून
पार नाकापाशी न्यायचा
आणि होतं तसंच परत ठेवायचा.
बटाटा. मका. मका. तांदूळ. पुन्हा मका.
"मार्लिस," म्हणाला, "चाळीस वर्षं कोठारावर मका तोलला,
आता डॉक्टरीणबाई म्हणतात, त्याच्याकडे बघूसुद्धा नका."

मग मीच नेलं त्याला.
चिप्समध्ये नाही, सुक्या मांसातही नाही;
इंजिन ऑइल आणि गाडीत टांगायची ती वासाची झाडं,
त्यांच्या मधे, खालून दुसऱ्या हुकावर:
डुकराची तळलेली कातडी.
मी पाकिटावरची धूळ बाहीनं पुसली.
"कर्बोदकं, शून्य."
त्यानं मोठ्यानं वाचलं, मग पुन्हा एकदा.
सारा जन्म काट्यापाशी गेलेला माणूस
शून्यावर एवढा खूश झालेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतर दर मंगळवारी दोन पाकिटं.
एक तिथेच, ट्रकमध्ये, काचा वर करून.
तरी ऐकू यायचं.
आणि मग बातम्या:
तालुक्याच्या मोठ्या बाजारात मिळतात, पण बार्बेक्यूवाली,
त्यात साखर घालतात मेले.
चीजचे कुरकुरीत तुकडे निघालेत, मूठभर, सहा डॉलर,
सहा डॉलरमध्ये मी गाय बघून येईन.
आणि एकदा लेक्सिंग्टनहून आला तो बोलेचना.
मेक्सिकन किराण्यात, म्हणाला, काचेमागे, दिव्याखाली,
ट्रकच्या दाराएवढं अख्खं कातडं, गरम.
ओफेलिया नावाची बाई हातोडीनं फोडून देते.
समुद्र पाहून आलेली माणसं अशी बोलतात.

सप्टेंबरात लिबी आली, त्याची बायको.
कोपराला पीठ. ते असतंच.
शनिवारी चर्चच्या तळघरात तिचे कोलाचे संपेपर्यंत
कुणी प्रार्थनेचं नाव काढत नाही.
हुकावरची सहाच्या सहा पाकिटं तिनं काउंटरवर ठेवली.
"त्याला सांगू नकोस."

लाटण्यानं चुरायची, म्हणे, पिठासारखी बारीक,
मग अंडं, मलईचं चीज, आणि देव.

आठवड्यानं ताटली घेऊन आली, वर टॉवेल.
मी एक खाल्ला.
प्लमचा जॅम वर, खाली बेकन,
दोघंही एकमेकांना न ओळखणारे पाहुणे.
ती माझ्या तोंडाकडे बघत होती.
"वाईट आहे ना?"
"हो."
आम्ही इतक्या हसलो की पंप तीनवरचा माणूस आत डोकावला.
मग टॉवेलची घडी घालत म्हणाली,
"त्यानं चार खाल्ले. छान झालेत म्हणाला.
आणि रात्री गॅरेजमध्ये जाऊन पाकीट फोडलं.
त्याला वाटतं मला ऐकू येत नाही."

काल मालाची गाडी आली. पोऱ्या म्हणाला,
या कातडीला उठाव नाही, पुढल्या महिन्यापासून बंद.
मी म्हटलं, दोन खोकी उतरव.
कोण खाणार?
तू उतरव.

वासाची झाडं खाली नेली, पाकिटं वर,
माणसाच्या डोळ्यांसमोर.

आज मंगळवार.
ड्वेन सवयीनं सरळ तिकडे गेला,
गुडघ्यावर हात टेकून वाकला, खालून दुसऱ्या हुकाशी,
आणि हिरव्या कागदी झाडांकडे बघत राहिला.
"संपली?"

मी लगेच सांगितलं नाही.
त्याच्यासाठी कॉफी ओतली, साखरेचा डबा मागे सरकवला,
आणि वाट बघत राहिले
तो उठून उभा राहण्याची.