उजव्या बाजूचा आटा

कीथलीत नोव्हेंबरात चारलाच दिवस मावळतो.
शेडमध्ये पिवळा दिवा, व्हाइसमध्ये आवळलेली फ्रेम.
एनिडबाईंनी मंगळवारी कुंपणावरूनच दिली.
"क्लिफर्डची. बर्मिंगहॅमची आहे म्हणायचा.
चालवायची तर चालव, नाहीतर भंगारात दे."

रंग तीनदा चढलेला. नाव कुठेच नाही.
पायडल जिच्यात फिरतात त्या आडव्या नळीत
ग्रीसचा डिंक झालेला, गोळ्या किणकिणत नाहीत.
नवा ब्रॅकेट मागवायचा तर आधी कळायला हवं
आटे कोणत्या देशाचे.

डावा कप सुटला, थोड्या लाडीगोडीनं.
कॅलिपर लावला: नळी अडुसष्ट मिलिमीटर.
इटली गेली. तिची सत्तर असते.
मग गेज, कंगव्यासारखं पातं
आट्यांवर टेकवून दिव्यासमोर धरायचं.
इंचाला चोवीस: फटीतून उजेड डोकावला.
एक मिलिमीटर: अंधार. चपखल.

कोल्हापुरात, उद्यमनगरच्या लेथपाशी
बाबा हे नुसत्या नखानं सांगायचे.
"आटा खोटं बोलत नाही गं," म्हणायचे,
"बिल करणारा बोलतो."

म्हणजे बर्मिंगहॅमही गेलं.
उरले फ्रान्स आणि स्वित्झर्लंड,
डावीकडून पाहिलं तर जुळे भाऊ.
फरक फक्त उजवीकडे:
एकाचा आटा सुलटा, दुसऱ्याचा उलटा.
आणि उजवा कप तर
सोळा वर्षांच्या गंजात दात आवळून बसलेला.
चुकीच्या बाजूला जोर लावावा तर
आणखीच रुतणार, वर कडा झिजणार त्या वेगळ्या.

दोन दिवस तेल पाजलं.
किटलीभर उकळतं पाणी ओतलं.
बाबांच्या नावानं एकदा हातोडीही.

तिसऱ्या दिवशी एनिडबाई चहा घेऊन आल्या,
वाकून बघितलं, नाक मुरडलं.
"त्यालाही हीच जागा छळायची.
दर रविवारी, स्किप्टनच्या अलीकडे, थांबा.
कोटातून तो हातभर पाना निघायचा,
आणि मी भिंतीला टेकून, सँडविच भिजलेली.
चालवलं की सैल होतं, म्हणायचा."

चालवलं की सैल होतं.
उलटा आटा तसा होत नाही;
तो उलटा करतातच त्यासाठी,
की पाय जेवढा फिरेल तेवढा तो घट्ट राहावा.
सुलटाच सुटत जातो,
मैलामैलाला, कुणाला न सांगता.

पाना अडकवला. घड्याळाच्या उलट.
श्वास धरून अख्खी मी त्याच्यावर लोंबकळले.
काडकन आवाज झाला.
चहा बशीत सांडला, कप सुटला होता.

पुसल्यावर अक्षरं वर आली: पस्तीस गुणिले एक.
"बर्मिंगहॅमची नाही ही," मी म्हटलं. "फ्रान्सची."

एनिडबाईंनी कप दिव्याजवळ नेला.
बराच वेळ फिरवून पाहिला,
आधी एका बाजूनं, मग दुसऱ्या.
"एकाहत्तर साली," त्या म्हणाल्या,
"सहा आठवडे डर्बीला होता. कामासाठी.
उन्हानं चांगला रापून आला होता."

मी चिंधीनं हात पुसत राहिले,
स्वच्छ झाल्यावरही.

"नवा बसवशील तेव्हा," दारात त्या वळल्या,
"खच्चून आवळ हं."
कप त्यांच्या कार्डिगनच्या खिशात होता.
पायवाटेवरून जाताना तो कशावर तरी वाजत होता,
किल्ल्या असाव्यात.