पाणलोटाचा सातवा अंक

भांडी बाजारात माझं दुकान. दुकान म्हणजे
एक पाट, एक छिन्नी, एक हातोडी.
तांब्याकळश्यांवर नावं कोरतो.
दुपारी गिऱ्हाईक नसलं की
उन्मेष विसपुतेची मँगा वाचतो.
ती उजवीकडून वाचायची असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
पहिले तीन अंक उलटेच वाचले.
त्यामुळे पाणलोट मला आधी बरा दिसला
आणि मग पानागणिक बिघडत गेला.
तसा मीही आधी बराच होतो.

पाणलोट म्हणजे त्यातला खलनायक.
मूठ आवळली की नदी चढते.
डाव्या भुवईत खाच, पुढचा दात तिरका.
खाच माझी आहे. दातही.

आठवीत असताना होळकर पुलावरून
मी त्याची दोनशे पानी वही खाली टाकली.
गोदावरी तेव्हा चहाच्या रंगाची होती.
वहीत काय होतं, बघितलंसुद्धा नाही.
तो ओरडला नाही. कठड्यावर हात ठेवून
ती कुठवर तरंगते ते बघत राहिला,
रामकुंडाच्या बाजूला दिसेनाशी होईपर्यंत.
आम्ही चौघं हसलो. मग तिघं. मग कुणीच नाही.

पहिल्या अंकात पाणलोटाने शहर बुडवलं.
दुतोंड्या मारुती गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत,
पुढच्या चौकटीत गळ्यापर्यंत.
उन्मेषने त्याचं एक तोंड काढलंय येणाऱ्या पाण्याकडे
आणि दुसरं, मला वाटतं, माझ्याकडे.

सहाव्या अंकात वाटलं, आता संपवणार.
धरणाची भिंत खचतेय, पाणलोट एकटा आडवा,
पाठीवर अख्खं गंगापूरचं पाणी,
चेहऱ्यावर ते मरायच्या आधीचं तेज.
मी पानाला म्हणालो, मार की रे त्याला.
मेला म्हणजे फिटलं.

त्याने मारलं नाही.
सातव्यात पूर ओसरलाय, आणि पाणलोट
सराफ बाजारात फावडं घेऊन
लोकांच्या दुकानातला गाळ उपसतोय.
बेचाळीस पानं. नुसता गाळ.
एक हाणामारी नाही, पोरं वैतागली असतील.
एक बाई त्याला चहा देते,
तिची सासू तो मोरीत ओतते.
मूठ वळू नये म्हणून त्याने
बोटाबोटांत सुतळी गुंडाळलीय.

पान एकतीस. रेघ्या येतो.
रेघ्या म्हणजे तो पोरगा, ज्याने काढलेलं खरं होतं.
पाणलोटाच्या तोंडाशी फुगा: चुकलो.
रेघ्याच्या तोंडाशीही फुगा आहे. आत काही नाही.
छापायचं राहिलं असेल म्हणून
मी शालिमारला जाऊन दुसरी प्रत उघडून पाहिली.
तीही कोरी.

त्या रविवारी दोनशे पानी वही घेऊन
इंदिरानगरला गेलो. दार त्याच्या आईने उघडलं.
आधी भुवईकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"झोपलाय तो. रात्रभर काढत बसतो."
वही घेतली. चहाचं विचारलं नाही.
बरंच वाटलं.

आठवा अंक दिवाळीनंतर आला.
उजवीकडून वाचला, नीट.
पाणलोट अजून गाळातच, फक्त गल्ली बदललीय,
आता भांडी बाजार. माझं दुकान नाही त्यात,
शेजारच्या पितळवाल्याचं आहे.
रेघ्याच्या टेबलावर, एका चौकटीच्या कोपऱ्यात,
नखाएवढी एक वही.
बंद. पण कोरडी.

समोर एक बाई कधीची उभी होती,
सेकंडहँड कळशी घेऊन.
कुणा दुसरीचं नाव होतं तिच्यावर.
"हे आधी घासून जाईल का?"
म्हटलं, पूर्ण नाही जात हो.
उन्हात तिरकी धरली की दिसतंच.
पण बाजूला जागा आहे.