चौदानंतर सव्वीस

घणसोलीत आमच्या ट्रस्टची
रस्त्याच्या अलीकडे शाळा, पलीकडे बारा खाटांचं रुग्णालय.
दोन्हीकडचा पगार मी करतो,
शाळेच्या जिन्याखाली, जिथे पूर्वी खेळाचं सामान असायचं.
अजून रबरी चेंडूंचा वास येतो.

चाळीस माणसांचे आकडे मला पाठ आहेत.
बसस्टॉपवर कुणी दिसलं की नावाआधी आकडा आठवतो:
आले बघ साडेनऊ हजार, हातात डबा.

यंदा अध्यक्षांना सभेसाठी आलेख हवा होता.
'पाच वर्षांतला वेतनाचा कल,' म्हणाले. 'वर जाणारा.'
मी म्हटलं, कल असेल तसा येईल, साहेब.
ते हसले. 'मोकल, तुम्ही जरा बघा.'

मी बघितलं.
रेघ अपघात विभागातल्या म्हाताऱ्यासारखी आडवी.
सिस्टर विमल वैती: सतरा वर्षं, निम्म्या रात्री वॉर्डात,
शेवटची वाढ चारशे रुपये.
तिनं सुई टोचली तर मूल रडत नाही.
याला रकाना नाही.

मग एप्रिलपासून अकरा जण एजन्सीकडे गेले.
म्हणजे गेले कुठेच नाहीत.
कोळंबे मावशी तीच बेडपॅनं त्याच मोरीत धुतात,
इरफान शिकलगार तेच स्ट्रेचर त्याच उतारावरून
पायानं ब्रेक लावत आणतो,
शिशुवर्गातली लतिका तीच नाकं पुसते.
फक्त गणवेशाच्या पाठीवर आता दुसरं नाव,
आणि साडेनऊतले बाराशे त्या नावाचे.

अकरा ओळी तक्त्यातून काढायच्या होत्या.
काढल्या.
आणि अठरा हजार सातशेची सरासरी
एका दुपारात बावीस हजारांच्या पुढे गेली,
कुणालाही एक रुपया न वाढवता.
रेघ उठून बसली.

अध्यक्षांनी स्पेशल चहा सांगितला.
मी तो प्यायलो. हेही लिहून ठेवतो.

संध्याकाळी सहावीच्या गणिताच्या डुंबरे बाई आल्या,
पाकीट घेऊन.
आमच्याकडे तशी रीत आहे:
एकतीस हजारांवर सही, बँकेत एकतीस जमा,
आणि आठवड्याच्या आत नऊ हजार परत, रोख,
लग्नातल्या आहेरासारखे,
फक्त वरचा एक रुपया नसतो.
मी मोजतो, बाई भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघतात.
पावती कुणी मागत नाही.
म्हणजे ते बावीस हजारही खरे नाहीत,
पण तो वेगळा आलेख झाला.

त्या दिवशी बाई भिंतीऐवजी माझ्या पडद्याकडे बघत राहिल्या.
'मोकलभाऊ, चौदानंतर सव्वीस कसे?'
काय?
'डावीकडचे आकडे. बारा, तेरा, चौदा, सव्वीस.
पोरानं वहीत असं लिहिलं तर मी लाल गोल करते.'

मी त्यांना सांगितलं नाही
की ओळी पुसलेल्या नाहीत, झाकल्यात.
पुसायला दोन सेकंद लागतात, झाकायलाही दोनच.
हिंमत वगैरे काही नव्हती त्यात.
माझी स्वतःची ओळ सव्विसावी आहे,
एवढंच असेल.

'जुनी फाईल आहे,' मी म्हटलं.
बाईंनी मान हलवली, म्हणजे होकार नव्हे,
खोटं उत्तर ऐकून घेताना वर्गात हलवत असतील तशी.
पाकीट पुढे सरकवलं.

बाहेर रुग्णालयाच्या गच्चीवर
मावशी चादरी काढत होत्या, मागे पारसिकचा
खाणींनी खाल्लेला डोंगर.
मी पाचशेच्या अठरा नोटा मोजायला घेतल्या.
बारा. तेरा. चौदा.
आणि अडखळलो.
पुन्हा पहिल्यापासून. बोटं ओली केली.
अकरा. बारा. तेरा. चौदा.

बाईंना घाई नव्हती.
'पंधरा,' त्या म्हणाल्या.
'चौदानंतर पंधरा येतात.'